टाके किती, ताण किती

गोधडी शिवणाऱ्या हाताला ठाऊक असते की धावदोरा जास्त ओढला की कापडाला चुण्या पडतात, आणि शिवण दुहेरी घातली की कड जाड होते. जन्मतःच अन्ननलिका तुटक असलेल्या बाळावर शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनपुढे हाच पेच असतो. साधारण ३,००० ते ४,५०० जन्मांमागे एका बाळात हा दोष आढळतो. बहुतेकांत वरचा भाग बंद पिशवीसारखा संपतो आणि खालचा श्वासनलिकेत उघडतो. अशा बाळाची नलिका थेट जोडण्यात पहिले यश १९४१ मध्ये अमेरिकेतील कॅमेरॉन हाइट यांना आले. पुढे त्यांच्याच नावाने ओळखल्या गेलेल्या पद्धतीत टाके दोन थरांत घालतात. त्यात गळती कमी होते, पण जोड अरुंद होण्याचे प्रमाण वाढते. म्हणून आज एकाच थरात, सुटे-सुटे, विरघळणाऱ्या बारीक धाग्याचे टाके घालणे रूढ झाले आहे.

मग दुहेरी शिवण अधिक भक्कम नाही का? आतड्याच्या बाबतीत हे काहीसे पटते, कारण त्याच्यावर टाका धरून ठेवणारे गुळगुळीत बाह्य आवरण असते. अन्ननलिकेला ते नाही. तिच्या बाहेरच्या स्नायूंचे धागे उभे असतात, त्यामुळे ताण आला की टाका त्यांना चिरत जातो. खरी पकड असते श्लेष्मल त्वचेखालच्या थरात. शिवाय नलिका कापली की ही आतली त्वचा आत सरकते. प्रत्येक टाक्यात ती आली नाही, तर बाहेरून सुबक दिसणारा जोडही आतून उघडा राहतो. टाके वाढवले, गाठी आवळल्या, तर कडेचा रक्तपुरवठा तुटतो. तिथे आधी गळती होते आणि मग व्रण आकसतो. म्हणजे जोड टिकवतात ते रक्तपुरवठा आणि ताणाचा अभाव. धागा फक्त ऊती जुळेपर्यंत कडा एकमेकींजवळ ठेवतो.

यावर कोणी म्हणेल, मग हा मोठ्या शहरांतील तज्ज्ञांचा विषय; खानदेशाने त्यात काय करायचे? उलट, टाक्याला मर्यादा आहे हे कळल्यावरच आपली जबाबदारी स्पष्ट होते. चोपडा, यावल किंवा शिरपूर तालुक्यातील सातपुड्याच्या पायथ्याशी जन्मलेल्या बाळाच्या तोंडातून सतत फेसाळ लाळ येत असेल, तर दूध पाजण्याआधी तोंडातून नळी घालून पाहावी. ती सुमारे १० सेंटिमीटरवर अडली, तर शंका पक्की धरावी. डोके उंच ठेवून, वरच्या पिशवीतील लाळ सतत ओढून घेत बाळाला बालशल्यचिकित्सकाकडे पाठवावे. वेळ गेला तर लाळ आणि जठरातील आम्ल फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो, आणि दमलेल्या, प्राणवायू कमी पडलेल्या बाळाची जखम उत्तम टाक्यानेही नीट भरत नाही. आज चांगल्या केंद्रांत, हृदयदोष नसलेली आणि पुरेशा वजनाची नव्वद टक्क्यांहून अधिक बाळे वाचतात. त्या आकड्यात आपले बाळ बसेल की नाही, हे बरेचसे प्रसूतिकक्षातल्या त्या साध्या नळीवर ठरते.