८०० मार्कांचे डिपॉझिट

कोलोनच्या नैऋत्येला एर्फ्टश्टाट हे छोटे शहर आहे. त्याच्या लिब्लार भागातल्या एका उंच इमारतीत १९७७ च्या जुलैत एका तरुणीने १०४ क्रमांकाचा फ्लॅट भाड्याने घेतला. डिपॉझिटचे ८०० मार्क तिने पर्समधल्या नोटांच्या पुडक्यातून रोख मोजून दिले. सप्टेंबरात गावातला एक पोलीस इमारतीच्या व्यवस्थापनाकडे चौकशीला गेला, तेव्हा तिथल्या लोकांना ते पुडके अजून आठवत होते. त्या पोलिसाला संशय आला आणि त्याने वर कळवले. ९ सप्टेंबरला जिल्ह्याच्या टेलिप्रिंटरवरून फ्लॅटचा पत्ता आणि भाडेकरूचे नाव कोलोनला गेले. तिथे तो कागद गहाळ झाला.

त्या क्षणी १०४ क्रमांकाच्या फ्लॅटमध्ये हान्स-मार्टिन श्लायर कैदेत होते.

पश्चिम जर्मनीतल्या मालकवर्गाच्या महासंघाचे हे अध्यक्ष. ५ सप्टेंबरला कोलोनमध्ये रेड आर्मी फॅक्शन (आरएएफ) या अतिडाव्या दहशतवादी संघटनेने त्यांची मोटार अडवून चालकाला आणि तीन पोलीस अंगरक्षकांना गोळ्या घातल्या आणि श्लायरना पळवले. बदल्यात तुरुंगातल्या आपल्या ११ कैद्यांची सुटका मागितली. तो कागद कोलोनला पोचल्यानंतरही अनेक दिवस श्लायर लिब्लारमध्येच होते. मग त्यांना हॉलंडला आणि तिथून बेल्जियमला हलवण्यात आले. १९ ऑक्टोबरला फ्रान्समधल्या म्युलूझ गावी एका ऑडी मोटारीच्या डिकीत त्यांचा मृतदेह सापडला.

दहशतवादाविरुद्धच्या जर्मन लढ्याची गोष्ट एरवी सोमालियातल्या मोगादिशूच्या विमानतळावरच्या कारवाईच्या रूपाने सांगितली जाते. काळोखात शिड्या लावून पळवलेल्या विमानात शिरलेले कमांडो, सात मिनिटांची कारवाई, सुटलेले प्रवासी. ती गोष्ट खरीच आहे आणि तिचे कौतुकही रास्त आहे. पण राज्यसंस्था कशी वागते हे समजून घ्यायचे असेल तर या गहाळ कागदाचा माग काढायला हवा, कारण पुढच्या कायद्यांचा आणि यंत्रणांचा रोख त्याच्या अवतीभवतीच ठरत गेला.

ज्या माणसाच्या हाती तो कागद पडायला हवा होता, त्याचे नाव हॉर्स्ट हेरॉल्ड. जन्म १९२३ चा, थुरिंगियातल्या सोनेबेर्गचा. दुसऱ्या महायुद्धात रणगाडा दलात अधिकारी, जखमी. पुढे कायद्याचे शिक्षण, सोशल डेमोक्रॅट पक्षाचे सदस्यत्व, न्यूरेम्बर्गचे पोलीसप्रमुखपद. न्यूरेम्बर्गमध्ये त्यांनी गुन्ह्यांची जागा आणि वेळ संगणकात भरून गस्तीच्या गाड्या कुठे पाठवायच्या हे ठरवायला सुरुवात केली. जगभरच्या बहुतेक पोलीस ठाण्यांत तेव्हा भिंतीवरच्या नकाशात टाचण्या टोचल्या जात होत्या. १९७१ मध्ये हेरॉल्ड वीसबाडेनच्या केंद्रीय गुन्हे अन्वेषण कार्यालयाचे, म्हणजे बीकेएचे प्रमुख झाले. त्यांच्या दहा वर्षांच्या कारकिर्दीत तिथली माणसे जवळपास तिप्पट झाली. १९७२ मध्ये देशभरातली पोलीस ठाणी वीसबाडेनच्या संगणकाला जोडणारी यंत्रणा सुरू झाली. पाठोपाठ माणसे, संस्था, जागा आणि वस्तू यांची एकमेकांशी सांगड घालणारी 'पिओस' ही माहितीपेढी आली. माहितीच्या अथांग साठ्यातून पोलिसांनी गुन्ह्याची सामाजिक कारणे शोधावीत आणि ती कायदेमंडळापुढे मांडावीत, अशी त्यांची धारणा होती. हेगेल-मार्क्स वाचलेला हा अधिकारी दहशतवाद्यांची पत्रके त्यांच्या अनुयायांपेक्षा बारकाईने वाचत असे. सरधोपट पोलीस अधिकाऱ्यांत त्याची गणना करता येत नाही आणि तो निव्वळ हडेलहप्पी होता हा आरोपही टिकत नाही.

लिब्लारचा शोध हे हेरॉल्ड यांच्याच विचारपद्धतीचे यश होते. अपहरणकर्त्यांना कशी जागा लागेल याचे निकष आधी ठरवण्यात आले: महामार्गाजवळ उंच इमारत, तळघरातून थेट लिफ्टपर्यंत नेणारे गॅरेज, शेजाऱ्याला शेजारी ओळखत नाही अशी वस्ती, नुकताच आलेला भाडेकरू, रोखीचा व्यवहार. गावोगावच्या पोलिसांना हे निकष कळवले गेले. लिब्लारचा फ्लॅट यातल्या प्रत्येक कसोटीला उतरत होता. पत्त्यासोबत कळवलेले नाव एका खऱ्या स्त्रीचे होते. ओळखपत्र हरवल्याची तक्रार तिने वारंवार केल्यामुळे ते आधीच पोलिसांच्या नोंदीत आलेले होते. कोणीतरी ते वीसबाडेनच्या यंत्रात टाकले असते, तर उत्तर मिळायला काही मिनिटे पुरली असती. पण कोलोनच्या पोलिसांचा समन्वय कक्ष वेगळा, बीकेएचे पथक वेगळे, राज्याचे अधिकार वेगळे, केंद्राचे वेगळे. या गुंत्यात कुठेतरी कागद राहिला. माजी गृहमंत्री हेर्मान होशर्ल यांच्या चौकशी अहवालाने १९७८ मध्ये हा गुंता देशापुढे मांडला. गृहमंत्री वेर्नर माइहोफर यांना त्याच जूनमध्ये पद सोडावे लागले.

या साऱ्याची पार्श्वभूमी पाच वर्षे आधी म्युनिकमध्ये तयार झाली होती. ५ सप्टेंबर १९७२ रोजी 'ब्लॅक सप्टेंबर'च्या आठ पॅलेस्टिनींनी ऑलिंपिक ग्रामात शिरून इस्रायली खेळाडूंना ओलीस धरले. शेवटी ११ इस्रायली आणि एक बव्हेरियन पोलीस ठार झाले. सुटकेचा प्रयत्न झाला त्या फुर्स्टेनफेल्डब्रुकच्या धावपट्टीवर आठ हल्लेखोरांसाठी पाचच नेमबाज होते. त्यांच्यापाशी ना वायरलेस, ना या कामाच्या रायफली. सैन्याला आणावे तर राज्यघटना आड येत होती. नाझी काळाच्या अनुभवातून देशांतर्गत कामात लष्कराला दूर ठेवण्याची तरतूद तिथे मुद्दाम केलेली होती. ती तरतूद सरकारने मोडली नाही, ही गोष्ट फार मोलाची आहे. तीन आठवड्यांत तेव्हाचे गृहमंत्री गेन्शर यांनी सीमापोलिसांतर्गतच 'जीएसजी ९' हे पथक उभारण्याचे ठरवले आणि ते उलरिश वेगेनर यांच्या हवाली केले. पुढे भारताचे राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दल घडवताना ब्रिटनच्या एसएएस कमांडोंबरोबर याच पथकाचा नमुना डोळ्यांपुढे होता. २००८ च्या नोव्हेंबरात ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउसमध्ये शिरलेल्या काळ्या गणवेशातल्या जवानांची कूळकथा अशी म्युनिकपर्यंत जाते.

नमते घेऊनही पाहिले गेले होते. १९७५ च्या फेब्रुवारीत पश्चिम बर्लिनमधले राजकारणी पेटर लोरेंत्स यांचे अपहरण झाले, तेव्हा पाच कैद्यांना सोडून विमानाने एडनला पाठवण्यात आले. लोरेंत्स सुखरूप परतले. पण सुटलेल्यांपैकी गाब्रिएले क्र्योखर-टीडेमान त्याच डिसेंबरात व्हिएन्नामधल्या ओपेकच्या बैठकीवरील हल्ल्यात होती. दुसरा रोल्फ हाइस्लर. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

या अनुभवाचे ओझे घेऊन चॅन्सेलर हेल्मुट श्मिट १९७७ च्या सप्टेंबरात बसले होते. एप्रिलमध्ये महाभियोक्ता झिगफ्रीड बुबाक आणि जुलैत बँकप्रमुख युर्गेन पोंटो यांचा खून झालेला. कैदी सोडायचे नाहीत हे ठरले, पण जाहीर केले गेले नाही. वृत्तपत्रांनी सरकारच्या विनंतीवरून बातम्या रोखल्या. कैद्यांचा एकमेकांशी आणि वकिलांशी संपर्क तोडण्याचा कायदा अवघ्या काही दिवसांत संसदेतून पार पडला. विरोधात मूठभर मते पडली. आरोपीला वकील भेटू न देणे हा साधासुधा बदल नव्हे, आणि एवढ्या घाईत तो व्हायला नको होता. त्या मूठभरांनी केलेला विरोध योग्य होता.

त्याच सुमारास जपानने एक वेगळे उत्तर जगापुढे ठेवले. २८ सप्टेंबरला पॅरिस-टोकियो मार्गावरचे जपान एअरलाइन्सचे ४७२ क्रमांकाचे विमान मुंबईतून उडाले आणि थोड्याच वेळात जपानी रेड आर्मीच्या ताब्यात गेले. ते ढाक्याला उतरवण्यात आले. पंतप्रधान फुकुदा यांच्या सरकारने ६० लाख डॉलर दिले आणि सहा कैदी सोडले. ओलीस वाचले. पंधरा दिवसांनी, १३ ऑक्टोबरला, पाल्मा द मायोर्काहून फ्रँकफर्टला निघालेले लुफ्तान्साचे 'लान्ड्सहूट' विमान एका पॅलेस्टिनी संघटनेच्या चार अपहरणकर्त्यांनी पळवले. मागण्यांत जर्मनीतले तेच ११ कैदी, तुर्कस्तानातले दोन पॅलेस्टिनी आणि दीड कोटी डॉलर. आता तराजूत श्लायर एकटे नव्हते. विमानात ८६ प्रवासी आणि पाच कर्मचारी होते.

इथे हेरॉल्ड, श्मिट, कमांडो सगळे बाजूला ठेवून एका अर्जाकडे पाहायला हवे. श्लायर यांच्या मुलाने कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयात धाव घेतली. राज्यघटना जगण्याचा हक्क देते, वडिलांचा जीव वाचवण्याचा मार्ग सरकारच्या हातात आहे, तेव्हा सरकारला कैदी सोडण्याचा आदेश द्या, अशी त्याची मागणी. न्यायालयाने एका रात्रीत सुनावणी उरकली आणि १६ ऑक्टोबरच्या पहाटे अर्ज फेटाळला. प्रत्येक जीव राखणे हे सरकारचे कर्तव्यच आहे, पण ते कोणत्या मार्गाने राखायचे हे घटना ठरवून देत नाही. तसे ठरवून दिले तर सरकार काय करणार याचा हिशोब दहशतवाद्यांना आधीच मांडता येईल, हा निकालाचा गाभा. युक्तिवाद म्हणून त्यात खोट काढणे अवघड आहे. आणि तरीही तो वाचताना वडिलांसाठी रात्रभर ताटकळलेला मुलगा डोळ्यांपुढून हलत नाही. त्याच दिवशी एडनमध्ये 'लान्ड्सहूट'चे कॅप्टन युर्गेन शुमान यांना अपहरणकर्त्यांनी प्रवाशांसमोर ठार केले.

तिथून विमान मोगादिशूला गेले. राज्यमंत्री विश्नेव्हस्की यांनी सोमालियाचे अध्यक्ष सियाद बारे यांचे मन वळवले. १८ ऑक्टोबरला मध्यरात्र उलटताच वेगेनर यांचे पथक विमानात शिरले. डोळे दिपवणारे हातबॉम्ब घेऊन एसएएसचे दोघे सोबत होते. तीन अपहरणकर्ते ठार, एक जखमी, ९० ओलीस जिवंत. त्याच रात्री श्टुटगार्टच्या श्टामहाइम तुरुंगात आरएएफचे म्होरके बाडर आणि एन्सलिन यांनी आत्महत्या केली. त्यांचा साथीदार रास्पे नंतर रुग्णालयात मरण पावला. पाठोपाठ श्लायर यांच्या खुनाची बातमी आली. त्यांच्या अंत्यविधीत श्मिट श्लायर यांच्या पत्नीशेजारी बसले होते.

१६ फेब्रुवारी १९७८ रोजी संसदेने दहशतवादविरोधी कायद्यांचा नवा संच २४५ विरुद्ध २४४ मतांनी मंजूर केला. त्यात एका संशयित घरापुरते न थांबता अख्खी इमारत झडतीखाली घेण्याचा अधिकार होता. लिब्लारमध्ये तर फ्लॅटचा क्रमांकही पोलिसांना ठाऊक होता. कमी पडले ते अधिकार नव्हते. दोन टेबलांमधले अंतर नडले, त्यावर कायदा करता येत नव्हता, म्हणून ज्यावर करता येत होता त्यावर केला गेला. हल्ल्यानंतरची बहुतेक सरकारे असेच करतात, आणि याविरुद्ध बोलणाऱ्याला देशाच्या सुरक्षेची काळजी नाही असे ठरवून मोकळे होतात.

हेरॉल्ड यांनी मात्र माहितीचीच वाट धरली. आरएएफचे लोक खोट्या नावाने घर घेतात, तेव्हा त्यांना बँक खाते वापरता येत नाही आणि विजेचे बिल रोख भरावे लागते, हे त्यांच्या लक्षात आले. १९७९ मध्ये फ्रँकफर्टच्या वीजग्राहकांतून रोख भरणारे सुमारे १८ हजार ग्राहक वेगळे काढण्यात आले. मग त्यातून नोंदणीकृत रहिवासी, मोटारमालक, निवृत्तिवेतनधारक, शिष्यवृत्ती घेणारे विद्यार्थी अशी ज्यांची ज्यांची ओळख दुसरीकडे सिद्ध होती, त्यांची नावे वगळत गेले. शेवटी दोन खोटी नावे उरली. त्यातला एक अमली पदार्थ विकणारा निघाला. दुसऱ्या घरात ९ जूनला पोलिसांना सापडला रोल्फ हाइस्लर: लोरेंत्ससाठी सोडलेला, श्लायर यांच्या अपहरणात सामील असलेला. अटक होताना त्याच्या डोक्यात गोळी लागली, पण तो वाचला.

हा हेरॉल्ड यांचा विजयाचा क्षण, आणि त्यांच्या पडझडीची सुरुवातही. माइहोफर यांच्या जागी आलेले गृहमंत्री गेरहार्ट बाउम उदारमतवादी वकील होते. एका दहशतवाद्यासाठी १८ हजार निरपराध माणसांचे व्यवहार चाळणे त्यांना पटत नव्हते. पोलिसांच्या संगणकांत नेमके काय काय साठले आहे याची झाडाझडती त्यांनी सुरू केली, आणि जे ठेवण्याचे कारण सांगता येईना ते पुसायला लावले. हेरॉल्ड यांच्या लेखी तो आपल्याच हातांनी उभारलेल्या ज्ञानाचा नाश होता. दोघे एकाच आघाडी सरकारसाठी काम करणारे, दोघेही दहशतवादाचे कट्टर शत्रू, दोघेही प्रामाणिक. हा वाद नागरिकांच्या हक्कांची चाड असलेल्या आणि नसलेल्या माणसांमधला नव्हता, म्हणूनच तो इतका महत्त्वाचा आहे. १९८१ मध्ये हेरॉल्ड निवृत्त झाले. जिवाला धोका असल्याने ते रोझेनहाइमला सीमापोलिसांच्या छावणीच्या आवारात घर बांधून राहिले. 'आरएएफचा शेवटचा कैदी' असे ते स्वतःला म्हणत. २०१८ मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पुढे ११ सप्टेंबर २००१ आले. न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांवर विमाने आदळवणाऱ्यांपैकी मोहम्मद अटा आणि त्याचे साथीदार हांबुर्गला विद्यार्थी म्हणून राहिलेले होते. चॅन्सेलर श्र्योडर यांनी अफगाणिस्तानच्या मोहिमेसाठी सैन्य पाठवण्याचा प्रश्न विश्वासदर्शक ठरावाला जोडला आणि आवश्यकतेपेक्षा दोनच मते जास्त मिळवून तो तारला. अफगाणिस्तानातल्या पुढच्या वीस वर्षांत ५९ जर्मन सैनिकांचा मृत्यू झाला. देशात मात्र अधिकारी पुन्हा हेरॉल्ड यांच्या कपाटाकडे वळले. तरुण, पुरुष, मुस्लिम, विद्यार्थी किंवा माजी विद्यार्थी, अशी चाळण लावून विद्यापीठे, नोंदणी कार्यालये आणि परदेशी नागरिकांच्या नोंदवह्यांतून देशभरात सुमारे ८३ लाख लोकांची माहिती गोळा करण्यात आली. विजेच्या बिलांची चाळण दहशतवाद्याच्या वागण्यावर बेतलेली होती; ही त्याच्या धर्मावर आणि जन्मावर बेतलेली होती. हेरॉल्ड यांचे नाव घेऊन केलेल्या या कामात त्यांची हुशारी कुठेच नव्हती.

२००६ मध्ये कार्ल्सरूहने दोन निकाल दिले. १५ फेब्रुवारीला, दहशतवाद्यांनी पळवलेले प्रवासी विमान पाडण्याची संरक्षणमंत्र्यांना दिलेली मुभा रद्दबातल ठरली. विमानातल्या निरपराधांना निव्वळ वस्तू समजून मारणे मानवी प्रतिष्ठेला धरून नाही, असे न्यायालय म्हणाले. तक्रारदारांत गेरहार्ट बाउम होते. ४ एप्रिलला दुसरा निकाल आला, तो मोरोक्कोच्या एका विद्यार्थ्याच्या अर्जावर. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यात पोलिसांनी ज्या लाखो लोकांची माहिती चाळली त्यांतला तो एक. जिवाला किंवा देशाच्या सुरक्षेला प्रत्यक्ष, ठोस धोका असेल तरच अशी चाळण लावता येईल, ११ सप्टेंबरनंतरची सर्वसाधारण भीती पुरेशी नाही, असे न्यायालयाने सांगितले आणि आधीच्या न्यायालयांचे आदेश रद्द केले. तोवर साडेचार वर्षे उलटून गेली होती, आणि एवढ्या खटाटोपातून एकही छुपा दहशतवादी हाती लागला नव्हता.