कुट्टी मशीन घेताय? आधी हाताचा हिशोब करा



मुरघासाच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं, "सर, कुट्टी मशीन किती एचपीचं घेऊ?" आज त्याच्या आधीचा प्रश्न घेतो. मशीनवर उभ्या राहणाऱ्या माणसाचा हात कसा वाचवायचा?

आपल्या जिल्ह्यात संगमनेर, राहाता, राहुरी, कुठंही जा, गोठ्याजवळ कडबाकुट्टी दिसतेच. मी दुकानातून ती विकतो. सुरुवातीला विकलेल्या एका मशीनवर गिऱ्हाईकाच्या मुलाची दोन बोटं गेली. चारा अडकतो म्हणून त्यांनी वरचं झाकण काढून ठेवलं होतं. चूक त्यांची, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. पण विकताना मी किंमत, एचपी, वॉरंटी सगळं सांगितलं. झाकण कशासाठी आहे, ते नाही सांगितलं. आता आधी तेच सांगतो.

हात आत जातो कसा?

साधं गणित आहे. समजा फ्लायव्हील मिनिटाला 600 फेरे घेतं आणि पाती दोन आहेत. म्हणजे सेकंदाला 20 काप. कुट्टी 1 सेंटिमीटरची, तर रोलर सेकंदाला 20 सेंटिमीटर चारा ओढतो. धोका कळून हात मागे घ्यायला चपळ माणसालाही साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात हात 5 सेंटिमीटर आत, आणि पातं रोलरच्या लगेच मागे! म्हणून "लक्ष देऊन काम करा" एवढ्यानं भागत नाही.

दुसरं कारण लाईट. लाईट गेली, अडकलेला चारा काढायला हात घातला, तेवढ्यात लाईट आली आणि मशीन सुरू.

घेताना काय बघाल?

1. चारा टाकायचा ट्रे लांब आणि वरून झाकलेला हवा. हात पूर्ण घातला तरी रोलरला लागता कामा नये.
2. न्यूट्रल-रिव्हर्सचा लिव्हर चारा घालणाऱ्याच्या हाताशी हवा.
3. बेल्ट आणि फ्लायव्हीलवर जाळी किंवा कव्हर हवं.
4. लाईट गेल्यावर आपोआप पडणारा स्टार्टर लावा. पंपाचा ऑटो स्विच इथं चुकूनही नको.

आयआयटी दिल्लीच्या दिनेश मोहन आणि सहकाऱ्यांनी उत्तर भारतातल्या कुट्टी मशीनवर काम करून असेच स्वस्त उपाय सुचवले होते: रोलरच्या आधी इशारा देणारा आणखी एक रोलर, पात्यांना गार्ड, फ्लायव्हीलला कुलूप.

रोजची शिस्त

बटण बंद केल्यावरही फ्लायव्हील फिरत राहतं. ते पूर्ण थांबू द्या, मेन स्विच पाडा, मगच हात घाला. चारा घालताना सैल बाही, पदर, कडं, हातमोजे नकोत. रोलर तेच आधी पकडतो. लहान मुलं लांब ठेवा.

अपघात झालाच तर

जखम स्वच्छ कापडानं घट्ट दाबून हात वर धरा, 108 ला फोन करा. तुटलेलं बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका. हळद, चुना काही लावू नका. बोट जोडणारे डॉक्टर जवळ कुठं आहेत, ते आजच विचारून नंबर भिंतीवर लिहा.

आता पैशाचा हिशोब

कामावर मजुराला इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. कायद्याच्या यादीत अंगठा गेला तर 30 टक्के आणि एका हाताची चारही बोटं गेली तर 50 टक्के कमाईची क्षमता गेली असं धरतात. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपये भरून एक हात निकामी झाल्यास 1 लाख मिळतात, पण एखादं बोट गेलं तर त्यातून काही मिळत नाही. म्हणून फक्त त्या विम्यावर विसंबू नका.

प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये मशीनच्या किमतीखाली एक ओळ वाढवा: गार्ड आणि स्टार्टर. तिथं पैसे वाचवायला जाऊ नका. आणि आज घरी गेल्यावर आपल्या मशीनचं झाकण जागेवर आहे का, एवढं बघा.