बोटीवरचा वायरलेस : केबल कापून दोष जात नाही

पावसाळी बंदी संपत आली की मिरकरवाडा, राजीवड्यापासून हर्णैपर्यंत बोटींची डागडुजी सुरू होते. जाळी, इंजिन तपासलं जातं. वायरलेसची केबल मात्र तशीच राहते. संकटात हाक मारायचा चॅनल 16, म्हणजे 156.8 मेगाहर्ट्झ, याच केबलवर अवलंबून असतो. समुद्रावर जाणारे आपलेच भाऊ-मुलगे आहेत, म्हणून हा विषय समजून घेऊ.

केबलवर 50 ओहम लिहिलेलं असतं, पण मल्टिमीटर लावला तर 50 दिसत नाही. कारण हा तारेचा साधा रेझिस्टन्स नव्हे. आतली तार, बाहेरची जाळी आणि मधलं प्लास्टिक यांच्यावरून ठरणारा हा इम्पीडन्स आहे. तो धावत्या रेडिओ लहरीला जाणवतो. केबल एक मीटर असो की दहा, आकडा तोच.

अँटेनाही 50 ओहमचा असेल तर लहर परत फिरत नाही. नसेल तर काही भाग मागे येतो. जाणारी आणि परतणारी लहर मिसळली की केबलवर व्होल्टेज-करंट जागोजागी कमीजास्त होतात, आणि इम्पीडन्सही जागेनुसार बदलतो. समजा, अँटेनाकडे 100 ओहम झाले. नेहमीच्या भरीव प्लास्टिकच्या केबलमध्ये चॅनल 16 ची पाव लहर सुमारे 32 सेंटीमीटरची असते. अँटेनापासून तेवढ्या अंतरावर 25 ओहम दिसतात, 63 सेंटीमीटरवर पुन्हा जवळपास 100.

म्हणूनच केबल थोडी कापली की कधी कधी सेट ‘बरा’ झाल्यासारखा वाटतो. पण दोष वरच राहतो. 100 ओहमला 11 टक्के ताकद परत फिरते, 150 ओहम झाले तर 25 टक्के.

मग करायचं काय? टीव्हीची 75 ओहमची केबल जोडू नका. वरचा कनेक्टर उघडून खारं पाणी शिरलंय का, जाळी हिरवी पडलीय का बघा. तसं असेल तर केबल बदला. एसडब्ल्यूआर मीटर शक्यतो अँटेनाजवळ लावून घ्या. खराब केबल परतणारी लहर वाटेतच गिळते, त्यामुळे सेटजवळचा आकडा खोटाच चांगला दिसतो. दीडच्या आत आकडा आला तर ठीक.

बंदरात केलेली ही तपासणी इन्शाअल्लाह समुद्रात कामी येईल.