बाळाचे लंगोट आणि कचरा वेचणारे हात

हा विषय वरवर घरगुती वाटेल. परंतु आमच्या मते तो घरापुरता नाही. वापरून फेकायच्या डायपरमध्ये लाकडाचा लगदा, ओल शोषणारी रासायनिक भुकटी आणि बाहेरून प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. कचऱ्यात उघडा पडलेला डायपर शेवटी कुणीतरी हातानेच वेगळा करते, आणि ते हात बहुधा आपल्याच माताभगिनींचे असतात. म्हणूनच पुण्यातील ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने असा कचरा कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याचे आवाहन केले.

जुन्या सुती साडीचे लंगोट आजही उत्तमच. मात्र कापड म्हटले की पर्यावरणाचे भले झालेच, असे नव्हे. ब्रिटनमधील २००८ च्या शासकीय अभ्यासात, यंत्रात वाळवलेले कापडी लंगोट फेकायच्या डायपरपेक्षा सरस ठरले नाहीत. भरपूर कपडे एकदम धुऊन, दोरीवर वाळवून, दुसऱ्या बाळालाही तेच वापरले तेव्हा फरक पडला. आपल्याकडे ऊन फुकट आहे. पावसाळ्यात पंचाईत होते, हे आम्हीही अनुभवले; तेव्हा पातळ कापडाचे लंगोट जास्त ठेवावेत, ते लवकर वाळतात. धुणे एकट्या बाळंतिणीवर टाकू नये, बापानेही हात लावावा! प्रवासात डायपर लागलाच, तर घाण संडासात टाकून तो घट्ट गुंडाळावा आणि लाल ठिपका विसरू नये.