पॉमेरेनियन समजून पाळलेला स्पिट्झ

पांढरेशुभ्र, झुपकेदार शेपटीचे, दाराची बेल वाजली की घर डोक्यावर घेणारे कुत्रे आपल्याकडे जवळपास प्रत्येक सोसायटीत एखादे तरी असते. जात विचारली की उत्तर ठरलेले, ‘पॉमेरेनियन आहे.’ खरे तर त्यातली बहुतेक पॉमेरेनियन नसतात, इंडियन स्पिट्झ असतात. ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) मधला घराघरांत पोचलेला टफीही स्पिट्झच होता.

दोघांचे मूळ एकच, जर्मन स्पिट्झ. बाल्टिक समुद्राकाठच्या पॉमेरेनिया प्रांतावरून नाव पडलेला पॉमेरेनियन पूर्वी चांगला मोठा असे. राणी व्हिक्टोरियाने १८८८ मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्समधून लहान चणीचा एक पॉमेरेनियन आणला आणि इंग्लंडमध्ये लहान कुत्र्यांची टूम निघाली. पिढ्यानपिढ्या लहानात लहान नर-मादी निवडत आजचा मुठीएवढ्या तोंडाचा पॉम तयार झाला. इंडियन स्पिट्झची वाट वेगळी. इंग्रजांनी हिंदुस्थानात आणलेल्या जर्मन स्पिट्झपासून इथल्या हवेत टिकेल, इथले अन्न पचवेल असा कुत्रा पैदाशीतून घडत गेला. तो आपल्या घरांत रुळला यात नवल नाही, कारण तो इथलाच आहे.

फरक ओळखायला तज्ज्ञ लागत नाही, वजनकाटा पुरतो. पूर्ण वाढलेला पॉमेरेनियन साधारण दीड ते साडेतीन किलोचा असतो. इंडियन स्पिट्झची लहान चण पाच ते सात किलोची आणि मोठी चण बारा किलोंच्या वर जाते. दोन्ही चणींच्या संकरामुळे मधल्या वजनाचेही पुष्कळ दिसतात. मग चेहरा पाहा. पॉमचे डोके गोलसर, नाकाड आखूड, कान इवलेसे आणि दाट केसांत जवळजवळ बुडालेले. स्पिट्झचे नाकाड लांब, कान मोठे आणि स्पष्ट उभे, पाय उंच. पॉमचे केस अंगापासून सरळ उभे राहतात, स्पिट्झचे बरेचसे अंगावर पडतात. पंचेचाळीस दिवसांचे असताना मात्र दोन्ही पिल्ले कापसाच्या बोळ्यांसारखी दिसतात आणि विकणाऱ्याचे फावते ते तिथेच.

नावात काय आहे, असे कोणी म्हणेल. पण नाव चुकले की त्याची झळ कुत्र्याला बसते. समजा, घरातला स्पिट्झ आठ किलोचा आणि ठणठणीत आहे. मालक इंटरनेटवर पॉमेरेनियनच्या वजनाचा तक्ता काढतो, त्यात तीन किलो लिहिलेले असते. झाले, ‘हा फार जाड झालाय’ म्हणून त्याचे खाणे निम्म्यावर येते. अशा वेळी तक्ता बाजूला ठेवावा आणि कुत्र्याच्या बरगड्यांवरून बोटे फिरवावीत. हलक्या दाबाने बरगड्या हाताला लागल्या आणि वरून पाहताना कंबर आत गेलेली दिसली, तर वजन योग्य आहे. आता उलटी बाजू. खऱ्या पॉमेरेनियनची श्वासनलिका नाजूक असते, गुडघ्याची वाटी सरकण्याचा त्रासही त्या जातीत पुष्कळ आढळतो. त्याला गळ्यातल्या पट्ट्याने ओढत फिरवणे किंवा उंच सोफ्यावरून उड्या मारू देणे धोक्याचे. आपल्याकडे नेमका कोण आहे हे ठाऊक असेल, तर ही काळजी आधीच घेता येते.

‘हा डबल बोन लॅब आहे’

पिल्ले विकणाऱ्यांच्या जाहिरातींत ‘डबल बोन’, ‘डबल कोट’ असे शब्द सर्रास असतात आणि त्यांच्या जोरावर किंमत वाढवली जाते. डबल बोन नावाचा लॅब्रेडॉर जगात कुठेच नाही. कोणत्याही कुत्र्याला हाडे एकाच पदराची असतात. विकणाऱ्याला म्हणायचे असते ते इतकेच की पिल्लाचे पाय जाड आहेत. डबल कोट मात्र खरा असतो, पण त्यात खास काही नाही. वर राठ केस आणि खाली मऊ लव ही दुहेरी रचना प्रत्येक लॅबच्या अंगावर असते. जे सगळ्यांकडेच आहे त्याचे जादा पैसे कशाला मोजायचे?

दुसरा गोंधळ ‘गोल्डन’ या शब्दाने होतो. फिकट पिवळा किंवा सोनेरी लॅब्रेडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर या दोन स्वतंत्र जाती आहेत. लॅबचे केस आखूड, शेपूट बुंध्याशी जाड आणि टोकाकडे निमुळती. गोल्डनचे केस लांब, छातीला, पायांना आणि शेपटीला झालर. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर ३,३२९ किलो आरडीएक्स हुडकून काढणारा मुंबई पोलिसांचा झंजीर रंगाने सोनेरी होता, पण जातीने लॅब्रेडॉर.

‘अल्सेशियन वेगळा आणि जर्मन शेफर्ड वेगळा’

दोन्ही एकच. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये जर्मन नावाचा तिटकारा होता, म्हणून तिथे या कुत्र्याला अल्सेशियन म्हणू लागले. इंग्लंडच्या केनेल क्लबने १९७७ मध्ये जर्मन शेफर्ड हे नाव पुन्हा मान्य केले. जुन्या पिढीच्या तोंडी अल्सेशियन राहिला, एवढेच.

बेल्जियन मॅलिनॉइ मात्र खरोखर वेगळा आहे आणि हल्ली लोक त्याला ‘बारीक शेफर्ड’ समजून घरी आणतात, याची मला काळजी वाटते. मॅलिनॉइ वजनाला हलका, आखूड केसांचा, काळ्या तोंडाचा. त्याची पाठ सरळ असते, शेफर्डसारखी मागे उतरत नाही. काश्मीरमध्ये ऑक्टोबर २०२२ मध्ये अतिरेक्यांच्या गोळ्या लागून मरण पावलेला लष्कराचा झूम मॅलिनॉइच होता. या कुत्र्याला दिवसभर काम लागते. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटे फिरवून त्याचे भागत नाही. मग तो दारे कुरतडतो, माणसांवर धावून जातो आणि ‘कुत्रा बिघडला’ म्हणून सोडून दिला जातो. कुत्रा बिघडलेला नसतो, त्याची निवडच चुकीची झालेली असते.

‘बघा, बिचाऱ्याला उपाशी ठेवलंय’

दक्षिण महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात ज्याला कारवान किंवा कारवानी म्हणतात, त्या कुत्र्याबद्दल शहरी माणसांचा हा हमखास गैरसमज. लांब तोंड, खोल छाती, पाठीला चिकटलेले पोट, दिसणाऱ्या बरगड्या. कोणी त्याला ग्रेहाउंड समजतो, कोणी गावठी क्रॉस, कोणी उपासमारीचा बळी. प्रत्यक्षात तो नजरेने सावज हेरून वाऱ्याच्या वेगाने धावणारा, दख्खनच्या कोरड्या माळरानावर घडलेला शिकारी कुत्रा आहे. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळ संस्थानच्या घोरपडे घराण्याने त्याची पैदास जोपासली म्हणून तो मुधोळ हाउंडही म्हणवतो. केनेल क्लब ऑफ इंडिया त्याला कॅरॅव्हान हाउंड म्हणते. याच कुळात कानांवर, शेपटीवर आणि पायांच्या मागे रेशमी झालर असलेला कुत्रा जन्मला, तर आपल्याकडचे लोक त्याला पश्मी म्हणतात. त्याला पाहून ‘सलुकी आहे का?’ असे विचारणारे भेटतात.

ग्रेहाउंडशी फरक कानांवरून पटकन कळतो. ग्रेहाउंडचे कान लहान आणि मागे दुमडलेले, कारवानचे त्रिकोणी आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना खाली पडलेले. टपाल खात्याने २००५ मध्ये चार भारतीय कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यात मुधोळ होता. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने राजापालयम आणि चिप्पीपराई यांच्याबरोबर त्याची देशी जात म्हणून नोंद केली आहे. मुधोळजवळ तिम्मापूरला त्याच्यासाठी संशोधन केंद्र आहे. एवढे असूनही ज्या भागात तो शेकडो वर्षे राहिला, तिथलीच माणसे त्याला हडकुळा गावठी म्हणून हिणवतात, याचे वाईट वाटते. दया येऊन कोणी त्याला तूपभात चारून गोल केला, तर त्याच्या सांध्यांवर आणि हृदयावर ताण येतो. आणखी एक गोष्ट पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. ग्रेहाउंडच्या शरीरातून भुलीची काही जुनी औषधे फार सावकाश उतरतात हे सिद्ध झाले आहे. म्हणून अशा चरबी नसलेल्या शिकारी कुत्र्यांना भूल देताना डॉक्टर जपून औषध निवडतात. ऑपरेशनच्या वेळी केसपेपरवर नुसते ‘क्रॉस’ लिहिले, तर ती सावधगिरी राहून जाऊ शकते.

‘तोंडावरूनच कळतं, पिटबुल आहे’

हा गैरसमज सगळ्यांत महागात पडणारा. अमेरिकेत फ्लोरिडातल्या चार निवाऱ्यांमधल्या १२० कुत्र्यांची तपासणी झाली. रोज कुत्री हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांनी त्यांतली ६२ पिटबुल प्रकारची ठरवली होती. डीएनए चाचणीत तो वंश फक्त २५ कुत्र्यांत सापडला. अनुभवी माणसांची ही स्थिती, तर जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याच्या अंदाजाचा काय भरवसा धरायचा?

डोळे फसण्याचे कारण जनुकांत आहे. कुत्र्याच्या सुमारे वीस हजार जनुकांपैकी फार थोडी जनुके रूप ठरवतात. केस आखूड की लांब, सरळ की कुरळे, तोंडावर मिशा-दाढी आहे की नाही, यातले बहुतेक वैविध्य केवळ तीन जनुकांमुळे येते, हे २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवले. स्कॉट आणि फुलर या अमेरिकी संशोधकांनी तर त्याच्या कितीतरी आधी कॉकर स्पॅनियल आणि बसेंजी यांचा संकर केला होता. त्यांच्या दुसऱ्या पिढीतली कित्येक पिल्ले आजी-आजोबांपैकी कोणाच्याच जातीची वाटत नव्हती. त्यामुळे रुंद डोके आणि आखूड केस दिसले म्हणून पिटबुल, हा तर्क टिकत नाही. बॉक्सर, बुलडॉग, मॅस्टिफ यांचे संकर आणि कधी आपली दणकट गावठी कुत्रीसुद्धा त्या वर्णनात बसतात.

आता कायद्याचे पाहा. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना पत्र पाठवून ‘हिंस्र’ ठरवलेल्या जातींची विक्री आणि पैदास थांबवायला सांगितले. यादीत पिटबुल आणि रॉटवायलर होते, तोसा दोनदा होता आणि एका नोंदीत नुसते ‘टेरियर्स’ असे लिहिले होते, ज्यात मांडीवर बसणारा यॉर्कशायर टेरियरही मोडतो. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते परिपत्रक रद्द केले. पण मधल्या काळात अनेकांनी भीतीपोटी आपले कुत्रे दूर केले. अशी यादी पुन्हा आली, तर आपला कुत्रा तिच्यात आहे की नाही हे कोण आणि कशावरून ठरवणार?

स्वभावाचेही तसेच. २०२२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात अठरा हजारांवर कुत्र्यांच्या माहितीवर आधारलेले संशोधन आले. एका कुत्र्याचे वागणे दुसऱ्यापेक्षा वेगळे असते, त्या वेगळेपणातला जेमतेम नऊ टक्के भाग जातीवरून सांगता येतो, असे त्यात आढळले. चावणारा कुत्रा चावतोच आणि त्याचा बंदोबस्त करायलाच हवा. पण तो त्या कुत्र्याच्या वागण्यावरून, थोबाडावरून नव्हे.

‘क्रॉस आहे, काहीही औषध चालतं’

अजिबात चालत नाही. कॉली, शेटलँड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड यांच्यातल्या पुष्कळ कुत्र्यांत एमडीआर१ नावाच्या जनुकात दोष असतो. त्यामुळे काही औषधे मेंदूत शिरतात आणि बाहेर पडत नाहीत. आपल्याकडे खरूज आणि गोचिडांवर सर्रास वापरले जाणारे आयव्हरमेक्टिन त्यांतलेच. खरजेसाठी देतात त्या मोठ्या मात्रेत ते अशा कुत्र्याला दिले, तर तो लटपटतो, लाळ गाळतो, बेशुद्ध होतो, दगावतोही. कॉलीच्या संकरातही हा दोष उतरतो. म्हणून लांब केसांच्या, लांब तोंडाच्या ज्या कुत्र्याचे आई-बाप माहीत नाहीत, त्याला मेडिकलमधून आणलेले औषध परस्पर देऊ नका. डॉक्टरांना ‘पॉमेरेनियन आहे’ असे ठामपणे सांगण्यापेक्षा ‘जात नक्की माहीत नाही’ असे सांगा. त्या खरेपणाने कुत्र्याचा जीव वाचू शकतो.

आणि रस्त्यावरच्या कुत्र्याला ‘क्रॉस’ म्हणणेही बहुतेक वेळा चूकच असते. आखूड केस, उभे कान, वळलेली शेपूट असलेला आपला गावठी कुत्रा परदेशी जातींच्या भेसळीतून आलेला नाही. माणसाने ठरवून पैदास न करता या भूमीवर हजारो वर्षे टिकलेला तो एक जुना वंश आहे. त्याला उगाच ‘लॅब मिक्स’ म्हणून मिरवायची काही गरज नाही.

पिल्लू विकतच घ्यायचे असेल, तर २०१७ च्या श्वान पैदास आणि विक्री नियमांची माहिती करून घ्या. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याची राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. ‘पेपरवाला आहे’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका. कागदावरचा मायक्रोचिपचा नंबर आणि पिल्लाच्या अंगातला नंबर स्कॅनर लावून जुळवून पाहा. आणि पिल्लाची आई दाखवा म्हणा. ती समोर उभी राहिली की पॉम की स्पिट्झ हा प्रश्न तिथेच सुटतो. आई दाखवायला जो तयार नसेल, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नका.