स्लॅबसाठी साहित्य किती? वर्गखोलीच्या उदाहरणाने काँक्रीटचा हिशेब

शाळेच्या वर्गखोलीचा स्लॅब भरण्यास सकाळी प्रारंभ होतो आणि दुपारी सिमेंट संपते. तालुक्याच्या गावाहून गोण्या येईपर्यंत सायंकाळ होते व राहिलेला भाग दुसऱ्या दिवशी भरला जातो. वरकरणी काही बिघडलेले दिसत नाही. परंतु आदल्या दिवशीचे घट्ट झालेले काँक्रीट आणि नंतरचे ताजे काँक्रीट एकजीव होत नाही. पावसाळ्यात पाणी त्या सांध्यातून झिरपू लागते व कालांतराने आतील सळया गंजतात. अधिक सिमेंट आणून ठेवणे हाही उपाय नव्हे, कारण तीन महिने साठविलेल्या सिमेंटची ताकद साधारणतः एकपंचमांशाने घटते असे धरले जाते. यासाठी साहित्याचा अदमास आधी काढणे अगत्याचे ठरते. सिमेंटवरील नियंत्रण १९८२ मध्ये अंशतः व १९८९ मध्ये पूर्णतः उठले. मालाची टंचाई सरली, हिशेबाची गरज मात्र सरलेली नाही.

हा हिशेब अवघड नाही. समजा, स्लॅब २५ फूट लांब, २० फूट रुंद व ५ इंच जाड आहे. त्याचे घनफळ सुमारे २०८ घनफूट होते. त्याखाली २० फूट लांबीच्या, ९ इंच रुंद व १८ इंच खोल अशा दोन तुळया आहेत. येथे अनेकांची चूक होते. तुळईच्या १८ इंचांपैकी वरचे ५ इंच स्लॅबमध्ये मोजले गेलेलेच असतात. म्हणून खोली १३ इंचच धरावयाची. दोन्ही तुळयांचे मिळून साडेबत्तीस घनफूट व एकंदर सुमारे २४१ घनफूट होतात.

खडीच्या पोकळ्यांत वाळू व वाळूच्या पोकळ्यांत सिमेंट सामावत असल्याने कोरडा माल अधिक लागतो. त्यासाठी घनफळास १.५४ ने गुणतात. उत्तर सुमारे ३७१ घनफूट येते. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू व तीन भाग खडी या प्रमाणात ५० किलोच्या सुमारे ५५ गोण्या सिमेंट, एक ब्रास वाळू व दोन ब्रास खडी लागेल. सांडलवंडीसाठी दोन-तीन गोण्या जास्त धराव्यात.

हेच काम एकास दोन, चार या प्रमाणात केले तर सुमारे ४३ गोण्यांत भागते. भारतीय मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीनुसार सळयांच्या काँक्रीटला हे दुसरे प्रमाण पुरेसे नाही. दोन्ही स्लॅब बाहेरून सारखेच दिसतात. फरक असतो तो बारा गोण्यांचा. म्हणून काम संपल्यावर रिकाम्या गोण्या मोजणे ही पंचायत सदस्यांना सहज करता येण्याजोगी तपासणी आहे. मात्र त्यासाठी ५५ हा आकडा आधी ठाऊक असला पाहिजे.

वाळूच्या बाबतीत एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. ओलसर वाळू फुगते. सरळ भांड्यात ती १५ सेंटिमीटर उंचीपर्यंत भरून नंतर पाण्यात पूर्ण बुडवून ढवळली व १२ सेंटिमीटरवर बसली, तर फुगवटा २५ टक्के आहे असे समजावे. अशा वेळी एक ब्रासऐवजी सव्वा ब्रास वाळू मागवावी लागते आणि घमेल्याने मोजतानाही तेवढीच अधिक घ्यावी लागते. एरवी वाळू कमी पडते व काँक्रीट सच्छिद्र होते.

पायाच्या खड्ड्यांच्या कडा ढासळत असल्याने तेथे नकाशातील मापापेक्षा दहा टक्के अधिक धरणे इष्ट.

शहरालगतच्या गावांत तयार काँक्रीट गाडीने येते. त्याची मागणी घनमीटरमध्ये नोंदवावी लागते, ३५.३ घनफुटांचा एक घनमीटर. वरील स्लॅबला ६.८ घनमीटर लागतील, तेव्हा सव्वासात मागवणे योग्य. उरलेल्या काँक्रीटसाठी गटारावरील झाकणांचे साचे आधीच मांडून ठेवावेत.