टब गेला, पाणी कुठे गेलं?

फ्लॅट बुक करताना ब्रोशरमधला तो पांढराशुभ्र टब काय झक्कास दिसला होता ना! आता खरं सांगा, वर्षभरात किती वेळा लोळलात त्यात? सकाळी लोकल गाठायची घाई, त्यात एक टब भरायला दीडशे-दोनशे लिटर पाणी. शेवटी टबातच बादली ठेवून आंघोळ! तेव्हा टब काढून तिथं शॉवर एरिया करायचा प्लॅन एकदम सही. टाइल्स, ग्लास पार्टिशन, रेन शॉवर, सगळं सिलेक्ट झालंय? छान. आता जरा खाली बघा. पाणी जाणार कुठून?

टब तसा समजूतदार. त्याचा पाइप बारीक, सव्वा-दीड इंची. पाणी हळूहळू गेलं तरी कुणाला कळत नाही, कारण टबाच्या उंच कडा ते धरून ठेवतात. शॉवरला मात्र जेमतेम दोन-तीन इंचांचा उंबरा. पाणी तुंबलं की निघालं थेट बेडरूमकडे! म्हणून पाइप किमान दोन इंची हवा, तीन इंची मिळाला तर उत्तमच. दीडचे दोन म्हणजे वाढला अर्धाच इंच, पण पाणी जायची जागा पावणेदोन पट होते.

दुसरा फंडा उताराचा. पाइपला दर फुटामागे पाव इंच उतार लागतो. म्हणजे जाळी चार फूट सरकवायची, तर पाइप एक इंच खाली जाणार. तेवढी खोली स्लॅबवरच्या भरावात आहे का, हे फोडाफोडीआधी तपासा. पाइपासाठी स्लॅब तासायला मात्र मिस्त्रीला अजिबात परवानगी देऊ नका.

जाळीखालच्या ट्रॅपमध्ये साधारण दोन इंच पाणी कायम साठलेलं असतं, तेच गटाराचा वास अडवतं. पण ट्रॅप एकच हवा. जुना तसाच ठेवून नवा त्याला जोडला, तर मध्ये हवा अडकते आणि पाणी गुडगुडत रेंगाळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टबाखाली बऱ्याचदा लादीच नसते आणि वॉटरप्रूफिंगही अर्धवट असतं. ते नव्यानं करून घ्या. मग टाइल्स लावण्याआधी जाळी बंद करून पाणी भरा, पातळीवर पेन्सिलीची खूण करा आणि किमान 24 तास, जमलं तर 48 तास तसंच ठेवा. या काळात खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे चहाला जा आणि हळूच सिलिंगकडे बघून या! कारण सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या कॉमन पाइपांची गळती सोसायटीनं बघायची, पण तुमच्या बाथरूममधल्या गळतीचा खर्च तुमच्याच खिशातून.

बजेट ताणलंय? रेन शॉवर पुढच्या बोनसवर ढकला, तो अर्ध्या तासात बसतो. पाइप मात्र आत्ताच बदला. नंतर बदलायचा म्हटलं, तर त्या महागड्या टाइल्सवर पहिला हातोडा तुमच्याच डोळ्यांदेखत पडेल!